सिरक्याचा हिवाळा

कालपासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाचट दिसायला लागलंय. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ऊस भरून कारखान्याकडं जातात, वळणावर कलतात, आणि मागं मूठभर पाचट, एखादं कांडकं ठेवून जातात. सकाळी शाळेत निघाले की थंडी आधी कानाला लागते. केजची थंडी फार दिवसांची नसते, पण जेवढी असते तेवढी चांगलीच असते. दुपारी ऊन चटकतं आणि संध्याकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. स्टँडजवळच्या रसवंतीवरून जाताना ताज्या रसाचा तो हिरवा, गोड वास आला आणि माझी गाडी आपोआप हळू झाली.

या दिवसांत मला एकच हिवाळा आठवतो. त्याला आता पाच वर्षं झाली. मामा जाऊनही तीन वर्षं होतील.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. मामांचं स्टँडासमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजारच्या दिवशी रेडिओ कापडात गुंडाळून आणायची, संध्याकाळी गाणं वाजवत घेऊन जायची. सेलवर चालणारा रेडिओ घरच्या लाइटीवर चालावा म्हणून मामा छोट्या डब्या बनवून द्यायचे, एलिमिनेटर म्हणायचे त्याला. पुढं प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. दुरुस्तीला येणारे रेडिओ कमी होत होत एक दिवस संपले. मामांनी सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत भरलं, पेटी जिन्याखाली सरकवली, आणि ते ओसरीवरच्या खुर्चीत बसायला लागले. तेव्हा निदान बोलायला आत्याबाई होत्या.

आत्याबाई दर हिवाळ्यात उसाचा सिरका, म्हणजे घरचं व्हिनेगर, करायच्या. त्यांच्या माहेरी सगळ्याच बाया करायच्या म्हणे. चिनी मातीची बरणी, तिच्या तोंडाला धुवट लुगड्याचा तुकडा, आणि आत महिना-दीड महिना मुरणारा रस. गावाकडच्या घरात बरणी चुलीमागच्या उबेला असायची. त्या सिरक्यात भिजलेला कांदा आणि ज्वारीची भाकरी असली की मामांना दुसरं काही लागत नसे. माझे यजमान बदलीच्या नोकरीचे, त्यामुळं आम्ही वर्षानुवर्षं बाहेरगावी. आमच्यापर्यंत यायची ती गाळलेल्या सिरक्याची भरलेली बाटली. तो होतो कसा, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आत्याबाईंच्या आजारपणात आम्ही केजला राहायला आलो. ह्यांना परळीला जागा मिळाली, मला इथल्याच एका शाळेत. आत्याबाई त्या पावसाळ्याच्या शेवटाला गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. ओट्याखाली कोपऱ्यात गोधडीत गुंडाळलेली बरणी निघाली. फडकं सोडलं तर वर पांढुरकी, जाड, बुळबुळीत साय. मी विज्ञान शिकवते. बुरशी कशी लागते, अन्न कसं नासतं, हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. मी नाकाला पदर लावला, बरणी मोरीत उपडी केली, वरून दोन बादल्या पाणी ओतलं, आणि बरणी उन्हात पालथी घातली. मामा तेव्हा मागच्या दारात उभे होते. काही बोलले नाहीत. पण त्या दिवसांत ते कशालाच काही बोलत नव्हते.

मी काय केलं ते मला दिवाळीत कळलं. माझी नणंद, सुनीताताई, माजलगावला असतात. भाऊबीजेला आल्या आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं, आईची बरणी कुठंय, माझ्याकडचं मूळ बारीक झालंय, थोडं घेऊन जाते. मी सांगितलं, नासली होती, टाकून दिली. ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आवाज न चढवता, आणि तेच मला जास्त लागलं. ती साय म्हणजेच मूळ. सिरका काढला तरी ती ठेवायची, नव्या रसात सोडायची, म्हणजे ती पुन्हा धरते. आत्याबाईंनी ते लग्नात माहेराहून आणलं होतं. पन्नासेक वर्षं एकाही हिवाळ्यात मोडलं नव्हतं. मामा ताटावर बसले होते. ताईंचं बोलणं संपायच्या आत ते उठून ओसरीवर गेले. त्यांच्या ताटात कांदा तसाच राहिला.

ताई परत गेल्या, पण आठ दिवसांनी त्यांनी कुणाबरोबर तरी एक काचेची बाटली पाठवली. आत बोटभर सिरका आणि त्यात तरंगणारा सायीचा तुकडा, रुपयाएवढा. त्यांनी आपल्याकडचं अर्धं दिलं होतं.

ऊसतोडीचे दिवस सुरू झाले होते. मी रसवंतीवरून ताजा रस आणला, बरणीत ओतला आणि घाईघाईनं मुळातला अर्धा तुकडा त्यात सोडला. केजच्या या नव्या घराचं स्वयंपाकघर गॅसचं, फरशीचं. चूल नाही, राख नाही, ऊब नाही. दहा दिवसांनी फडकं उघडलं तर रसावर हिरवी-काळी लव आली होती. यावेळी ती खरोखर बुरशी होती. तेव्हा मला दोन्हींतला फरक कळला: बुरशी कोरडी, केसाळ, रंगाची, मूळ गुळगुळीत आणि ओलं. एवढं कळायला मला दोन बरण्या लागल्या. आता उरला होता नखाएवढा तुकडा.

यावेळी मी घाई केली नाही. रस आधी नुसताच ठेवायचा, त्याला फेस येऊन तो बसू द्यायचा, मगच मूळ सोडायचं. आणि सगळा वेळ एकसारखी ऊब द्यायची, तीस अंशांच्या आसपास. आमच्या गच्चीवर गॅस संपलेला जुना फ्रिज पडला होता. तो मी ह्यांच्याकडून खाली आणवला, धुतला, आत वर एका बाजूला चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावला आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला जादा तापमापक आणून आत टांगला. फ्रिज छान बंद व्हायचा, ऊबही धरायचा. पण वरच्या कप्प्यात चाळीस, खालच्या कप्प्यात बावीस. बल्बाकडची बाजू तापायची, मागची गारच. आतली हवा फिरायला पाहिजे होती.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवते. तिच्याकडं बंद पडलेला कॉम्प्युटर होता. त्यातला तळहाताएवढा काळा पंखा तिनं मला काढून दिला. एका रविवारी मी ओसरीवर बसले, मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर कापली, लाल तारेला लाल आणि काळीला काळी पीळ देऊन जोडली, आणि बटण दाबलं. पंखा थरथरला, पण फिरला नाही. बोटानं ढकलला की दोन वेढे घ्यायचा आणि दमून थांबायचा. मी तारा पुन्हा सोडल्या, पुन्हा पिळल्या. अर्धा तास हेच चाललं.

"पाच व्होल्टानं बारा व्होल्टाचं काम व्हत न्हाई, बाई," मागून आवाज आला.

मामा खुर्चीतून उठून माझ्यामागं उभे होते. चष्मा कपाळावर होता. त्यांनी पंखा उचलला, उलटा केला, त्यावरचे बारीक आकडे लांब धरून वाचले. मग जिन्याखाली वाकले. पेटी ओढताना फरशीवर जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

त्या पेटीत काय नव्हतं. डायोडच्या पुड्या, औषधाच्या बाटल्यांत बारके स्क्रू, तांब्याच्या तारेची रिळं, आणि वर्तमानपत्रात बांधलेले छोटे ट्रान्सफॉर्मर. सोल्डरिंगची सळई तापली आणि राळेचा धूर निघाला. देवळातल्या धुपासारखा, पण त्याहून कडवट. आत्याबाई म्हणायच्या, हे दुकानातून आले की अंगाला राळेचा वास यायचा. मला तो वास त्या दिवशी पहिल्यांदा कळला. मामांचे हात कापायचे. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरायचे. पण सळई हातात घेतली की मनगट पेटीच्या कडेवर टेकवून तारेच्या जोडावर शिशाचा डाग द्यायचे, आणि डाग मोत्यासारखा गोल बसायचा.

पहिल्या जोडणीला पंखा किंचाळत सुटला. मामांनी लगेच बटण बंद केलं. बाराचा ट्रान्सफॉर्मर घेतला होता. डायोड आणि कपॅसिटर लागले की तो सोळाच्या वर चढतो, हे आपण विसरलो, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग नवाचा लावला. तो बाराच्या जरा खाली थांबला. पंखा फिरायला लागला, हलका, जवळ कान नेल्याशिवाय ऐकू न येणारा. आम्ही दोघं फ्रिजचं दार लावून समोर बसलो. तासाभरानं दार उघडलं. वर तीस. खाली एकोणतीस. मामांनी तापमापक माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा पाहिला. मग म्हणाले, चहा ठेव. आत्याबाई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून चहा मागितला नव्हता.

तिथून पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत, वासांनी आठवतात. पहिल्या आठवड्यात रस फसफसला आणि घरभर आंबूस, नशेचा वास सुटला. दूधवाल्यानं दारात उभं राहून दोनदा नाक ओढलं आणि हळू आवाजात मामांना विचारलं की थोडी मिळेल का. मामा, गळ्यात माळ घालणारे, त्याच्याकडं बघत राहिले, आणि मग हसले. मी आत पीठ मळत होते. हसण्याचा तो आवाज घरात नवा वाटला.

फेस बसला, मी नखाएवढं मूळ त्यात सोडलं. पुढं वास बदलत गेला: आधी पिकल्या केळासारखा, मग जरा झोंबरा. सायीचा तुकडा कडेनं पसरायला लागला. मी शाळेतून आले की मामा आकडे सांगायचे. शाळेच्या पाठकोऱ्या वहीत ते तापमान लिहून ठेवायचे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. लाइट जायची तेव्हा बल्बही जायचा. मग मी गरम पाण्याचा डबा आत ठेवायचे. त्याची ऊब फिरवायला पंखा तर चालू पाहिजे. मामांनी त्यावरही उपाय काढला. शेजारच्या शेतकऱ्याचा पाठीवरचा फवारणी पंप थंडीत रिकामाच पडून होता. त्यातली बॅटरी बरोब्बर बारा व्होल्टांची. लाइट गेली की मामा दोन चिमटे बॅटरीला लावायचे आणि पंखा पुन्हा फिरायचा. ओसरीवरचा माणूस आता दिवसभर स्वयंपाकघरात असायचा. भाजी निवडताना मी त्यांच्याशी बोलायचे, आणि ते उत्तर द्यायचे.

आता मी बाजारातला तयार अडॅप्टर वापरते. पंखाही दोनदा बदलला. लावला की चालतो. त्यात काही बिघडत नाही, म्हणून त्याच्यापाशी कुणी बसतही नाही.

पौष संपत आला होता. एका दुपारी मी शाळेतून आले तर मामा घरी नव्हते. दाढीला गेले होते. स्वयंपाकघरात तिखट वाफेचा वास कोंडला होता. फ्रिजचं दार उघडलं तर चेहऱ्यावर गरम झोत आला. बल्ब जळत होता आणि पंखा थांबला होता. तापमापकात अठ्ठेचाळीस. बरणीवरची साय आक्रसून, तपकिरी होऊन तळाला गेली होती.

मी बल्ब बंद केला आणि तशीच खाली बसले. मामा आले, गालांवर अजून तुरटीचा पांढुरका थर होता. त्यांनी पंखा सोडवून उजेडात धरला. सिरक्याच्या वाफेनं डागावर हिरवा गंज चढला होता, आणि तार नुसत्या हातानं निघून आली. "मला कळाया पायजे व्हतं," एवढंच ते म्हणाले. मग दोन-तीनदा तेच म्हणाले.

बरणी आम्ही फेकली नाही. पंखा नव्यानं जोडला. यावेळी मामांनी खूप वेळ आढेवेढे घेऊन मला विचारलं, तुमी बाया नखाला लावता ती बाटली हाय का घरात. मी लाल रंगाची बाटली आणून दिली. त्यांनी डागांवर त्या रंगाचे तीन थर दिले, म्हणजे वाफ तांब्यापर्यंत पोचणार नाही. मग वाट बघणं सुरू झालं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. रसावर काही नाही. ताईंना फोन केला तर त्यांच्याकडंही आता देण्याइतकं उरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मला राहवलं नाही. मी मामांना म्हणाले की पहिल्यांदा मी ओतून दिलं, दुसऱ्यांदा बुरशी लावली, आता हेही गेलं. आत्याबाईंचं पन्नास वर्षांचं माझ्या हातानं मोडलं, आणि तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

मामांनी वही मिटली.

"तू वतत व्हतीस तवा मी दारातच व्हतो," ते म्हणाले. "मला म्हाईत व्हतं ते काय हाय. आडवता आलं असतं. न्हाई आडवलं."

मी विचारलं, का.

"ती गेली, आन तिची बरणी तशीच जिती. मला बगवत नव्हतं, बाई. वाटलं, जाऊ दे सगळंच. मग तू ते पुन्ना कराया बसलीस, आन मला रोज लाज वाटली. म्हणून बोललो न्हाई."

त्यांचा आवाज हलला नाही. चार महिने एकाच घरात आम्ही दोघं एकच ओझं वेगवेगळं वाहत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की ते आपल्या एकट्याचं आहे. मी उठून दिवा लावला. त्यांनी बाहेर जाऊन तोंड धुतलं. जेवताना त्यांनी आपल्या लग्नातली एक गोष्ट सांगितली: नवी नवरी गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात ओटीच्या सामानाऐवजी फडक्यात बांधलेला सिरक्याचा डेरा होता, आणि सगळ्या बाया हसल्या होत्या. सांगताना तेही हसत होते.

नवव्या दिवशी मी दार उघडलं आणि विजेरी तिरपी धरली. रसावर काहीतरी चमकलं. काचेवर श्वास धरतो तसा पातळ पापुद्रा, बरणीच्या एका कडेपासून निम्म्यापर्यंत. मामांना हाक मारली. ते आले, वाकले, आणि खूप वेळ वाकलेलेच राहिले. मग वहीत त्या दिवसाच्या आकड्यांपुढं त्यांनी एक शब्द लिहिला: धरलं.

होळीच्या आधी सिरका गाळला. रंग मधासारखा. मी कांदा उभा चिरून त्यात घातला, अर्धा तास ठेवला, आणि भाकरीशेजारी वाढला. मामांनी एक फोड खाल्ली. आत्याबाईंचा सौम्य असायचा. हा झोंबरा होता, नाकात जाणारा. मी विचारलं, तसा झालाय का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि दुसरी फोड उचलली. मग तिसरी. वाटी संपली तेव्हा त्यांनी आणखी मागितला.

त्या उन्हाळ्यात माजलगावला फार ऊन पडलं. वैशाखात ताईंचा फोन आला की त्यांच्या बाटलीतलं मूळ सुकून गेलं. मी म्हटलं, कुणाबरोबर तरी पाठवते. मामा म्हणाले, मी नेतो. आत्याबाई गेल्यापासून ते गावाबाहेर गेले नव्हते. मी बाटलीत सिरका घातला, त्यात तळहाताएवढी साय सोडली, आणि तोंडाला फडकं बांधलं, कारण मुळाला हवा लागते. सकाळच्या एसटीत ते खिडकीशी बसले, बाटली मांडीवर, दोन्ही हातांत. धारूरच्या घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा सिरका हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडला, आणि शेजारच्या बाईनं नाक धरून जागा बदलली, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. बाटली मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

दुपारी ताईंचा फोन आला, पोचले म्हणून. ताई वडलांना दादा म्हणतात. त्या म्हणाल्या, "दादा आल्या आल्या काय म्हनले सांगू का? बाटली माज्या हातात दिली आन म्हनले, ह्ये तुज्या आईचं न्हाई, ह्ये रेखाचं हाय. जपून ठिव."

माझ्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ते ताईंच्याच तोंडून ऐकलं.